गोणीवर काय लिहिलं

वागदरीच्या शिवलिंगनं पोतं सोडलं
तेव्हा आम्ही सगळेच म्हणालो, मूग.
हिरवं होतं ना.
हैदराबाद रोडच्या मार्केट यार्डात सकाळी आठला
हिरव्याला मूगच म्हणतात,
आणि त्या दिवशी मूग उडदापेक्षा हजारानं वर होता.

राजव्वा चिलवेरी चाळणीपाशी बसलेली.
तीस वर्षं विड्या वळल्या तिनं, आता धान्य निवडते;
अंगठ्याचं नख अजून तसंच, पान मुडपायला वाढवलेलं.
एक दाणा उचलला, पदराला घासला,
उन्हात धरला.
चमकला नाही.
म्हणाली, "मिनुमुलु."

शेठ हसले. "हिरवा उद्दु कुठं असतो, राजव्वा?"
ते कानडीत मोजतात, ती तेलुगूत निवडते,
मी मराठीत लिहितो.
एका दाण्याला आमच्या दुकानात तीन नावं.

"रंग नका बघू. डोळा बघा."
तळहातावर तिनं दोघांना शेजारी ठेवलं.
मुगाचा डोळा सपाट,
पाटीवरचा खडू ओल्या बोटानं पुसावा तसा.
उडदाचा वर आलेला, पांढरा, काठ असलेला,
मधे जरा खोल,
रात्रपाळी करून आलेल्या माणसाचा.
"झाडावर पण कळतंय.
पेसलुची शेंग लांब, बोटं पसरल्यासारखी.
ह्याची आखूड, उभी, अंगावर केसच केस."
मग तो दाणा दाढेखाली घेतला, चावला,
आणि पन्नाशीच्या बाईनं भर बाजारात
आम्हा चौघांना जीभ काढून दाखवली.
चिकट.

शिवलिंग म्हणाला, बहिणीनं बी दिलं होतं भालकीहून.
मी रंगावर गेलो.
उडदाचा भाव घेतला, पैसे दोनदा मोजले, गेला.

मग शेठ मला म्हणाले, मूग लिही.
अख्खाच जायचाय. कोण सोलून बघतंय?

उडदामाजी काळे-गोरे,
काय निवडावे निवडणाऱ्याने, असं विचारणाऱ्यानं
राजव्वा बघितली नसणार.
मला दुसरं येतं. मूग गिळायचं.
गिळला.
मूग जातो तसा सहज,
तापातल्या पोरालाही त्याचंच पाणी पाजतात.
उडीद गिळून कुणी गप्प बसल्याचं
मी तरी ऐकलेलं नाही.

संध्याकाळी पिशवी उचलताना तिनं विचारलं,
"दिवाणजी, गोणीवर काय लिहिलं?"
तिला वाचता येत नाही.
मी म्हणालो, "धान्य."
ती काही बोलली नाही.
माझ्या मुठीत दोन्हीतले चार-चार दाणे दिले
आणि विडी घरकुलच्या रिक्षात बसली,
पाय बाहेर, मांडीवर डबा.

पोरीच्या शेतकीच्या पुस्तकात रात्री शोधलं.
लॅटिनमध्ये 'मुंगो' हे नाव उडदाला आहे.
मुगाला भलतंच काहीतरी.
म्हणजे माझ्या आधीही कुणीतरी, शिकलेल्यानं,
गोणीवर चुकीचं लिहून ठेवलंय
आणि ते कुणी खोडलेलं नाही.
एवढ्यानं बरं वाटायला हवं होतं.

दोन वाट्यांत दाणे भिजत घातले.

सकाळी मूग टपोरा, स्वच्छ,
एक तर फुटायच्या बेतात.
दुसऱ्या वाटीतला चिमटीत धरला
तशी साल सुटली,
आत पांढरा शुभ्र,
आणि अंगठा नि बोटाच्या मधे
बारीक तार.
बोटं लांब नेली, तुटेना.
लुंगीला पुसली.
आठ वाजत आले होते,
खिशातलं पेन काढलं,
तर ती पेनालाही लागली.